बेस गिटारच्या तारा: ब्रिजमधून की बॉडीच्या पाठीतून?

काही बेसवर दोन्ही सोयी असतात: तार ब्रिजच्या (बॉडीवर तारा अडकवायच्या धातूच्या पट्टीच्या) मागच्या भोकातून ओवा, नाहीतर बॉडीच्या पाठीमागून आरपार वर काढा. फेंडरचा १९५१ चा प्रिसिजन बेस पाठीतून तार घेणारा होता. १९५७ च्या नव्या रचनेत तार ब्रिजमध्येच अडकू लागली.

पाठीतून घेतली की आवाज जास्त वेळ टिकतो, असं छातीठोकपणे सांगणारे खूप भेटतात. माझ्या कानाला तरी तो फरक कधी जाणवला नाही. ताणही वाढत नाही, कारण तो ठरतो तारेची वाजणारी लांबी, वजन आणि सूर यांवर. बदलतो तो सॅडलवरचा, म्हणजे ब्रिजवर तार जिथे टेकते त्या तुकड्यावरचा कोन. पाठीतून आलेली तार तिथे बरीच तीव्र वळते, आणि जाड फ्लॅटवाउंड (चपट्या पट्टीचं वेटोळं असलेली तार) असेल तर वरचं वेटोळं तिथेच उकलू शकतं. शिवाय लांब तार लागते. आखूड निघाली तर खुंटीवर पुरेसे वेढेच बसत नाहीत, मग बसा सूर लावत!

ब्रिजमधून ओवणं सोपं, तार बदलणं झटपट. मी तेच करतो. फक्त तारेच्या टोकाची गोळी नीट टेकली का, ते एकदा ओढून बघायचं.

खुंटीकडे मात्र दोन्हींत काम एकच. चारपाच इंच जास्तीची तार ठेवा, आधी काटकोनात वाकवा, मगच कापा. उलट केलंत तर वेटोळं आतल्या गाभ्यावरून सरकतं आणि तार मुकी वाजते. टोक खुंटीच्या भोकात खुपसा, दोनतीन वेढे वरून खाली.