टेक रडार दहा महिने वापरून: रत्नागिरीतल्या सहा जणांच्या सॉफ्टवेअर टीमचा अनुभव

गेल्या वर्षी गणपती गेले आणि पुढच्याच आठवड्यात आमच्यातल्या एका मुलाने पुण्याची नोकरी धरली. त्याचा कोड मी उघडून बसलो, तर एकाच प्रोजेक्टमध्ये तारखांसाठी तीन लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडचे तीन संच. मोमेंट होतीच, मग कुणीतरी डे-जेएस आणली, त्यावर डेट-एफएनएस. नव्या कामाला मोमेंट घेऊ नका, असं तिच्या कर्त्यांनी सप्टेंबर २०२० मध्येच सांगितलं होतं. आमच्यात हे एकालाच ठाऊक होतं आणि तोच पुण्याला गेला.

रत्नागिरीत टीम चालवायची म्हणजे हे धरूनच चालावं लागतं. मुलं येतात, शिकतात, मोठ्या शहरात जातात. जाताना 'हे का घेतलं आणि ते का टाळलं' हेही घेऊन जातात. ते कुठेतरी लिहून राहावं म्हणून आम्ही सप्टेंबरात टेक रडार सुरू केलं. आता जुलै संपत आलाय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टेक रडार म्हणजे कुठलं तंत्रज्ञान घ्यायचं आणि कुठलं टाळायचं हे दाखवणारं गोल चित्र. थॉटवर्क्स ही सॉफ्टवेअर कंपनी २०१० पासून टेक्नॉलॉजी रडार काढते, साधारण वर्षातून दोनदा. तंत्रं, टूल्स, प्लॅटफॉर्म, भाषा-फ्रेमवर्क असे चार भाग आणि ॲडॉप्ट, ट्रायल, असेस, होल्ड अशा चार कड्या. आपलं स्वतःचं रडार गुगल शीटवरून काढता येतं. आम्ही कड्यांना वापरा, करून पाहा, नजर ठेवा आणि थांबा अशी नावं दिली.

पहिले तीन महिने फुकट गेले, आणि चूक आमचीच होती. पहिल्या बैठकीत बासष्ट नावं भरली. प्रत्येकाने जे ऐकलं ते घातलं. गोल चित्र सुंदर दिसलं, भिंतीवर लावलं, पुढे कुणी पाहिलं नाही. डिसेंबरात ते खाली काढलं आणि तेवीस नावं ठेवली. शीटमध्ये तीन रकाने वाढवले: कोण बघणार, कधीपर्यंत, आणि का. 'करून पाहा'मध्ये एका वेळी दोनच गोष्टी राहतील हेही ठरवलं. तिसरी आणायची तर आधी एक निकालात काढायची. या एका नियमाने जेवढा फरक पडला तेवढा चित्राने कधीच पडला नसता.

आमचं मुख्य काम आंबा बागायतदारांचं आहे. पेट्यांचा हिशेब, वाशीच्या बाजारातून दलालाच्या पट्ट्या (विक्रीच्या हिशेबाचे कागद), काढणीची मजुरी. मार्च ते मे या तीन महिन्यांत कोडला हात लावायचा नाही, हे रडारमध्येच लिहून टाकलं. एप्रिलमध्ये एका मुलीला पीडीएफची नवी लायब्ररी आणायची होती आणि तिचं म्हणणं बरोबर होतं. पूर्वी असलं काही गुपचूप आत यायचं. या वेळी तिने 'नजर ठेवा'मध्ये ओळ लिहिली, कारण लिहिलं आणि जूनची वाट पाहिली. मला याचं फार बरं वाटलं. नव्याची ओढ तशीच राहिली, फक्त तिला ठरलेली जागा मिळाली.

जून-जुलै अपग्रेडला द्यायचे, ही सूचना टीममधल्या एकाची. त्याच्या घरची होडी मिरकरवाडा बंदरात असते, मासेमारीबंदीत ती वर ओढून डागडुजी होते. तेच महिने आम्ही धरले.

पहिलंच काम पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेच्या ७.४ आवृत्तीवरून ८ च्या मालिकेत जाण्याचं. ७.४ चा आधार २८ नोव्हेंबर २०२२ ला संपला होता. म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या येणं बंद, आणि आम्ही त्याच्यावर लोकांचे पैसे मोजत होतो. हे लिहितानाही लाज वाटते. अपग्रेडनंतर सगळं चालू दिसत होतं. तरी गेल्या हंगामातल्या चारशे पट्ट्या जुन्या आणि नव्या दोन्ही आवृत्त्यांतून काढून ओळीला ओळ लावली. एकतीस पट्ट्यांवर 'परत आलेल्या पेट्या' ही जास्तीची ओळ छापली गेली, पुढे आकडा काहीच नाही. कारण असं: परत पेट्यांचा रकाना रिकामा राहिला की आमच्याकडे मोकळी स्ट्रिंग, म्हणजे एकही अक्षर नसलेला मजकूर, येते. पीएचपी ७ मध्ये मोकळी स्ट्रिंग आणि ० यांची दोन बरोबर-चिन्हांनी तुलना केली की उत्तर 'समान' यायचं. ८ पासून ते 'समान नाही' येतं. म्हणून 'शून्य असेल तर ओळ छापू नको' ही अट निसटली. एक ओळ बदलून भागलं. पण ही पट्टी हंगामात बागायतदाराच्या हातात पडली असती, तर त्याचं आणि दलालाचं भांडण लागलं असतं. रडारच्या 'का' रकान्यात आता हा प्रसंग आहे, आणि पट्ट्या ओळीला ओळ लावून बघण्याची पद्धत 'वापरा'मध्ये गेली.

एका बागायतदार काकांनी या कामाचं बिल बघून विचारलं, "स्क्रीन तर तीच दिसते, मग पैसे कसले?" मी म्हटलं, "काका, पावसाच्या तोंडावर कलमांना खत घालता, ते त्या दिवशी दिसतं का?" ते थोडा वेळ गप्प राहिले आणि वार्षिक देखभालीत अपग्रेडची रक्कम वेगळी लिहायला तयार झाले. इतर टीमनाही सांगेन, ही रक्कम वेगळीच दाखवा.

एआयच्या कोडिंग असिस्टंटबद्दल आमच्यात खूप वाद झाला. दर महिन्याला नवं मॉडेल येतं आणि मुलांना थांबवणं मला पटत नाही. ते 'करून पाहा'मध्ये आहे: टेस्ट लिहायला आणि जुना कोड समजून घ्यायला मोकळीक, हिशेबाच्या कोडमध्ये नाही. सप्टेंबरात पुन्हा बघू.

उणिवा सांगायलाच हव्यात. रडार शिकवत नाही. शिकायला वेळ द्यावा लागतो, आम्ही शुक्रवारी तीन ते पाच देतो, आणि तो वेळ कुठल्याही क्लायंटच्या फोनसाठी सोडायचा नाही हे पाळणं सगळ्यात कठीण गेलं. कुठल्या लायब्ररीत सुरक्षेचं भोक आहे हेही रडार सांगत नाही, त्यासाठी कंपोझर ऑडिट आणि एनपीएम ऑडिट या लायब्ररी तपासणाऱ्या कमांड रोज रात्री चालतात. आवृत्त्यांच्या मुदतीही वेगळ्या रकान्यात ठेवाव्या लागतात. आणि दोघा-तिघांची टीम असेल तर चित्राच्या भानगडीत पडू नका, 'का' आणि 'कोण' असलेली साधी शीट पुरते.

सुरुवात करणार असाल तर 'थांबा'पासून करा. काय घ्यायचं यावर वाद लांबतो, काय आता घ्यायचं नाही हे तासाभरात ठरतं. आमच्या 'थांबा'मध्ये मोमेंट आहे. अजून दोन स्क्रीनवर ती शिल्लक आहे, नारळी पौर्णिमेनंतरच्या शुक्रवारी काढायची आहे, आणि 'कोण बघणार' या रकान्यात सर्वांत नव्या मुलीचं नाव आहे.