उद्योजकांची बाजू शासनापुढे मांडणारी बेलापुरातील वकिली सेवा

महापे येथील आम्हा लघुउद्योजकांनी पाणीपट्टीच्या वाढीविरुद्ध शासनापुढे बाजू मांडण्यासाठी बेलापुरातील ज्या वकिलांची सेवा घेतली, ते पूर्वी एका राजकीय पक्षाच्या निवडणूक याचिका उच्च न्यायालयात चालवत असत. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार अशी याचिका निकालापासून 45 दिवसांत दाखल करावी लागते, आणि त्या शिस्तीत मुरलेला माणूस कागदपत्रांतील ढिलाई खपवून घेत नाही, हे पहिल्याच बैठकीत जाणवले. तक्रारींनी भरलेले आमचे लांबलचक निवेदन त्यांनी दोन पानांवर आणले, प्रत्येक मागणीसमोर संबंधित शासन निर्णयाचा क्रमांक व दिनांक लिहिला आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का उमटल्याशिवाय खिडकी सोडली नाही. मंत्रालयात कोणाशी काय बोलणे झाले, याचे लेखी टिपणही आम्हाला दर वेळी मिळाले. जुन्या पक्षाकडे असलेल्या खात्यांतील कामे ते घेत नाहीत, ही गोष्ट मला विशेष मोलाची वाटते.

मात्र देयकात ‘समन्वय’ या एकाच शीर्षाखाली मोठी रक्कम दाखवली होती. तिचा तपशील मागितल्यावर मिळाला, पण तो न मागता द्यायला हवा. अमेरिकेत 1995 च्या कायद्याने, शासनापुढे इतरांची बाजू मांडणाऱ्या व्यावसायिकांना (लॉबिस्टना) नोंदणी करून आपले अशील जाहीर करावे लागतात. आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा नसल्याने खर्चाच्या तपशिलाची अट करारातच लिहून घ्यावी. दरवाढीचा निर्णय अद्याप प्रलंबित आहे, तरी पुढील सुनावणीसाठी आम्ही त्यांनाच नेमले आहे.