कोर्स-रेटिंग ॲप आठ महिने वापरल्यावर: साडेचार तारे आणि एक निसरडा टी

डिस्क गोल्फ म्हणजे चेंडूऐवजी चकती (डिस्क) हातानं फेकून साखळ्यांच्या बास्केटमध्ये टाकायचा खेळ. त्याच्या कोर्सचे, म्हणजे मैदानांचे, मी आठ महिन्यांत बेचाळीस रिव्ह्यू लिहिले. त्यातले सात नंतर दुरुस्त केले आणि दोन तर पुसून पहिल्यापासून लिहिले. ते दोन का पुसावे लागले ते खाली येईलच. ॲपचं नाव देत नाही, त्याची गरजही नाही. नकाशा, स्कोअरकार्ड, फोटो आणि पाच तारे हे सगळीकडे सारखंच असतं, आणि डिस्क गोल्फ खेळणाऱ्यांना ते नव्यानं सांगायला नको. मला बोलायचंय ते टीबद्दल. कोर्सचा एकेक टप्पा म्हणजे होल, आणि त्याची पहिली फेक जिथून करतात ती जागा म्हणजे टी.

झालं असं. रात्री पाऊस पडून गेला होता, सकाळी उघडीप होती. मी आणि धाकटा भाऊ एका नव्या कोर्सवर गेलो. रेटिंग ४.६. जायच्या आधी मी तीसेक रिव्ह्यू वाचले होते: झाडी सुंदर, एक होल दुसऱ्यासारखा नाही, बास्केट नवी, साखळ्या डिस्क छान धरतात. पहिले सहा होल खरोखर तसेच निघाले. सातव्याला टी सिमेंटचा, उताराकडे तोंड केलेला, आणि थापीनं घोटून घोटून घरातल्या फरशीसारखा गुळगुळीत केलेला. मी नेहमीसारखी चार पावलं धावत आले, मागचा पाय आडवा टाकला, पुढचा पाय रोवायला गेले आणि टाच सरळ पुढे सटकली. डिस्क झुडपात गेली, मी कमरेवर आपटले. "ताई, उठू नकोस, आधी गुडघा हलवून बघ," भाऊ धावत येत म्हणाला. गुडघा वाचला. हात टेकल्यामुळे मनगट मात्र तीन आठवडे दुखत होतं.

टीवर बसल्या बसल्याच दिसलं की पुढच्या कडेशी बुटांच्या रबराचे काळे लांबट ओरखडे आहेत, एकावर एक. म्हणजे इथे घसरणारी मी पहिली नव्हते. घरी येऊन सगळे रिव्ह्यू पुन्हा चाळले. सातव्या टीबद्दल एक अक्षर नाही.

टी ही किरकोळ बाब आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी जरा हिशेब करावा. अठरा होल म्हणजे अठरा वेळा आपण पूर्ण जोर लावून अंगाचा सगळा भार एका पायावर घेतो आणि त्याच पायावर वळतो. बास्केट जुनी असली तर एखादा पुट (बास्केटजवळून केलेली शेवटची फेक) बाहेर पडेल, स्कोअर एकानं वाढेल. टी वाईट असला तर गुडघा जाईल. आणि फक्त निसरडाच टी वाईट असतो असंही नाही. फार पकड असली की पाय जागच्या जागी चिकटून बसतो, वरचं अंग फिरतं आणि सगळा पीळ गुडघ्यात जातो. सिमेंट ओलं असतानाच त्यावरून झाडू ओढून खरखरीत केलेला टी मला सगळ्यात भरवशाचा वाटतो. रबरी चटई कोरडी असेपर्यंत ठीक, वर चिखल आला की पाय ठरत नाही. कृत्रिम गवत ओल्यातही बऱ्यापैकी धरतं, पण खालची खडी खचली की खळगा पडतो. मातीच्या टीवर पुढचा पाय जिथे पडतो तिथेच हळूहळू वाटीसारखा खड्डा होतो आणि पाणीही नेमकं तिथेच साचतं.

पुढची कड हा तर वेगळाच विषय. डिस्क सुटते त्या क्षणी पाय टीच्या आत हवा, सुटल्यावर पुढे गेला तरी नियमाची हरकत नाही, आणि जोरात फेकलं की तो जातोच. कडेसमोरची माती वाहून गेली असेल तर तिथे वीतभर पायरी तयार होते आणि घोटा मुरगळतो. लांबीचंही तेच. टी बांधलेला नसेल तर नियमानं टी-रेषेच्या मागे तीन मीटर जागा मिळते. मी आता डिस्कच्या पिशवीत मेजपट्टी ठेवते. बेचाळीसपैकी नऊ कोर्सवर बांधलेला एक तरी टी त्या तीन मीटरपेक्षा आखूड निघाला. बांधल्यामुळे जागा उलट कमी झाली!

१९७५ साली कॅलिफोर्नियात एड हेड्रिक यांनी ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिला कायमस्वरूपी कोर्स आखला, तेव्हा लक्ष्य म्हणून नुसते खांब होते. डिस्क लागली की नाही यावरून वाद व्हायचे. मग साखळ्यांची बास्केट आली, १९७७ मध्ये तिचं पेटंटही मिळालं आणि तो वाद संपला. फेक जिथे संपते त्या जागेचा इतका विचार झाला, आणि जिथून सुरू होते ती जागा अजून ज्याच्या त्याच्या मर्जीवर. रिव्ह्यू लिहिणारेही तेच करतात. बास्केटचा रंगसुद्धा लिहितात, टीला एक ओळ देत नाहीत.

त्या दिवशी संध्याकाळी मी रागानं दोन तारे दिले आणि सातव्या टीवर सविस्तर लिहिलं. रेटिंग ४.६ च राहिलं. ते राहणारच. समजा दोनशे जणांची सरासरी ४.६ आहे आणि एकानं दोन तारे दिले, तर ती ४.५९ होते आणि पडद्यावर पुन्हा ४.६ च दिसते. तीन वर्षांपूर्वीचे पाच तारे आणि कालचे दोन तारे एकाच मापानं मोजले जातात. मधल्या काळात झाडं पडोत, नवे टी येवोत, गवत कमरेएवढं वाढो, आकडा ढिम्म हलत नाही. मी ॲपवाल्यांना कळवलं की टीसाठी वेगळा रकाना द्या: पृष्ठभाग, लांबी, ओल्यात पाय धरतो का, एवढंच. उत्तर आलं की तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. पुन्हा लिहिलं, तेच वाक्य पुन्हा आलं. वर्गणी भरली की पुटिंगचे आलेख मिळतात, दहा मीटरच्या आतले किती बसले, बाहेरचे किती, सगळं. टीचा रकाना वर्गणी भरूनही नाही. त्यामुळे पुढची वर्गणी मी भरणार नाही. स्कोअर लिहायला आणि नकाशा बघायला फुकटचं पुरतं.

इथपर्यंत लिहून हा मजकूर तीन आठवडे तसाच पडला होता. त्या काळात दोन गोष्टी झाल्या आणि माझं मत बरंच बदललं.

पहिली गोष्ट नवख्या खेळाडूंच्या रिव्ह्यूंची. "मजा आली", "नवव्यानंतर रस्ता सापडेना", "मुलं दमली" असल्या एका ओळीच्या रिव्ह्यूंना मी काही किंमत देत नव्हते. आता सगळ्यात आधी तेच वाचते. सराईत खेळाडू कोर्सची अवघड बाजू बघतो, लांब आणि झाडीतल्या कोर्सना भरभरून तारे देतो आणि नऊ होलच्या छोट्या मैदानाला अडीच देऊन मोकळा होतो. नवखा माणूस कुठे चुकला, कुठे घसरला, कुठे पाटी नव्हती ते सरळ सांगतो. एकीनं लिहिलं होतं, "चौथ्याला मी उभं राहूनच फेकलं, धावायची भीती वाटली." ती ओळ वाचून मी चौथ्याला आधी चालत जाऊन पाहिलं. टीवर शेवाळ होतं.

दुसरी गोष्ट त्या ४.६ वाल्या कोर्सचीच. माझ्या दोन ताऱ्यांखाली कोर्स सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांपैकी एकांनी उत्तर लिहिलं. टी त्यांनी सुट्टीच्या दिवशी स्वतःच ओतला होता, थापी मारणाऱ्याला वाटलं की गुळगुळीत म्हणजे चांगलं काम. आता यंत्रानं त्यात आडव्या खाचा पाडून घेतो, असं त्यांनी कळवलं. मी रिव्ह्यूत "यांना खेळाडूंची काळजी नाही" असं लिहिलं होतं. ते वाक्य मी त्याच रात्री काढलं. फुकट खेळायला मिळणारा कोर्स कुणीतरी आपला वेळ घालून उभा करतं, हे मला माहीत असूनही मी तसं लिहिलं, याचं वाईट वाटलं.

आणि इथेच ते दोन पुसलेले रिव्ह्यू येतात. या ॲपमध्ये रिव्ह्यू दुरुस्त केला तरी वर तारीख जुनीच राहते. म्हणजे मी टी सुधारल्याचं लिहिलं तरी ते यादीत तळाशीच, वाचणार कोण? शेवटी मी तो आणि असाच आणखी एक रिव्ह्यू पुसला आणि आजच्या तारखेनं नव्यानं लिहिला. जुन्याखालचं स्वयंसेवकाचं उत्तरही त्याबरोबर गेलं, त्याची चुटपुट आहे. आता मी प्रत्येक रिव्ह्यूच्या पहिल्या ओळीतच तारीख आणि हवा लिहिते: कोरडं, ओलं, आदल्या रात्री पाऊस. तारे सगळ्यात शेवटी देते. रिव्ह्यू वाचतानाही क्रम "नवे आधी" असा लावते आणि सरासरीकडे बघतच नाही. एवढं केलं तर हे ॲप खरंच उपयोगाचं आहे, हे आता मला मान्य आहे.

खाचा पाडल्याचं कळल्यावर आम्ही पुन्हा गेलो. ऊन होतं, म्हणून सातव्या टीवर मी बाटलीतलं अर्धं पाणी ओतलं आणि आधी नुसता पाय रोवून वळून पाहिलं. बुटाचा तळवा खाचांत बसला. मग पूर्ण धावत येऊन फेकलं. डिस्क बास्केटच्या अलीकडे पंधराएक मीटरवर पडली. भावानं टाळी वाजवली.

त्या कोर्सला आता साडेचार तारे दिलेत. अर्धा कापला तो बाराव्यासाठी. तिथल्या टीसमोरची माती वाहून गेली आहे आणि मेजपट्टीनं मोजली तर पायरी अठरा सेंटिमीटर भरते. फोटो टाकलाय, तारीख लिहिली आहे.