बडोद्याच्या रावपुऱ्यातलं रंगांचं दुकान, चिकुनगुनियानंतर परत ब्रश धरणाऱ्यांनी तर नक्की जावं

सव्वा वर्षानं परत कापडावर रंग लावला त्याचं निम्मं श्रेय ह्या दुकानाला आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते. मागच्या पावसाळ्यात मला चिकुनगुनिया झाला, ताप चार दिवसांत गेला पण बोटांचे सांधे धरले ते धरलेच, सकाळी उठलं की मूठ वळायची नाही, चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचा, तिथे सुईत दोरा ओवणं आणि बारीक ब्रशनं वेल काढणं कुठलं. कुशन कव्हर, दुपट्टे, टेबल रनर असं बारा वर्षं करत होते, घेतलेल्या ऑर्डरी सगळ्या परत केल्या आणि सामानाची पेटी माळ्यावर टाकली. ती पेटी नजरेला पडली तरी रडू यायचं.

बोटं जरा मोकळी झाल्यावर पेटी खाली काढली तर रंग सगळे दगड झालेले. घाईघाईत ऑनलाइन मोठा सेट मागवला, त्यात पांढरा आणि पिवळा आतून चिकट गोळा झालेले निघाले, परत करण्यात आठ दिवस गेले आणि मन पण उतरलं. मग नणंद म्हणाली, अगं घराजवळ दुकान असताना मोबाईलवर काय शोधतेस, चल माझ्याबरोबर.

दुकान लहान आहे, बाहेरून लक्षात पण येत नाही. मी गेल्या गेल्या दहा शेडचा सेट मागितला. दुकानदार काका माझ्या हाताकडे बघत होते, पर्सची चेन मला डाव्या हातानं उघडावी लागत होती. "बेन, पहेलां नानुं करो," म्हणजे ताई, आधी लहान काम करा, असं म्हणाले आणि सेट परत वर ठेवून दिला. फेव्हिक्रिल ह्या कापडावरच्या रंगाच्या १५ मिलीच्या चारच बाटल्या काढल्या, लाल, पिवळा, निळा, पांढरा, बाकीचे ह्यातूनच मिसळा म्हणाले. प्रत्येक बाटली हलवून झाकण उघडून दाखवली, आत रंग साईसारखा सरकतोय का ते बघूनच दिली. मी शून्य नंबरचा बारीक ब्रश मागत होते तर आठ नंबरचा चपटा हातात दिला आणि त्याच्या दांडीवर मुलांच्या पेन्सिलीला असतो तो रबरी ग्रिप चढवून दिला, बोटं फार आवळावी लागत नाहीत. एवढी साधी गोष्ट, पण तोवर मला कोणी सुचवली नव्हती.

कापडाचं पण तसंच. मला मलमल हवी होती, ते म्हणाले विरळ आहे, रंग पसरेल, हात बसेपर्यंत कॅम्ब्रिक, म्हणजे घट्ट विणीचं सुती कापड घ्या, आणि अर्धा मीटरच कापून दिलं. वर बजावलं की आधी धुवून खळ काढा, इस्त्री करा आणि मगच रंगाला हात लावा, खळ राहिली तर रंग धाग्यात न जाता वरच बसतो आणि धुण्यात सुटतो. सगळं मिळून बिल साडेतीनशेच्या आत.

डिझाईन मी तांबेकर वाड्यातलं घेतलं, दिवाण भाऊ तांबेकरांचा वाडा, भिंतींवर जुनी मराठा पद्धतीची चित्रं आहेत, लहानपणी बाबा घेऊन जायचे. तिथल्यासारखी एक वेल आणि त्यावर माझ्या मनाचा एक पोपट. पिवळ्यात थेंबभर निळा घातला की कोवळा हिरवा होतो, अजून अर्धा थेंब घातला की पंखाचा गडद. पहिलं पान थरथरलं, दुसरं पण, पाचव्या पानाला ब्रश नीट टेकवला, दाबला आणि उचलला तेव्हा टोक आपोआप बारीक आलं आणि मी तशीच बसून राहिले कितीतरी वेळ. वीस मिनिटं रंगवायचं, मग कोमट पाण्यात हात, असं करत चार संध्याकाळी लागल्या. पूर्ण वाळल्यावर उलट्या बाजूनं इस्त्री केली, तीन दिवस पाणी लागू दिलं नाही आणि मग धुतलं, पाणी स्वच्छ निघालं.

तक्रारी सांगायच्या तर आहेत. भरतकामाचे आभले, म्हणजे छोटे आरसे घेतले त्यांच्या कडा धारदार निघाल्या, दोरा दोनदा तुटला, पॉलिश पेपरवर घासून मग लावले, नवीन माणसाला हे कळणार नाही, दुकानात सांगायला हवं होतं. कापलेलं कापड बदलून देत नाहीत. दुपारी दीड ते चार बंद असतं आणि स्कूटी लावायला जागा नाही, रिक्षानं गेलेलं बरं.

पण पाचपैकी पाच स्टार देते, कारण दहा बाटल्या घ्यायला आलेल्या बाईला चार देऊन पाठवणारा दुकानदार मी तरी दुसरा बघितला नाही. बोटं दुखत असतील तर काकांना आधीच सांगा, ते बाटल्यांची झाकणं सैल करून देतात.