‘कर्ज’ आणि ‘अर्ज’ तिकडूनच आलेले: अरबी-इंग्रजी शब्दार्थाचं ॲप आठ महिने वापरून

गेल्या जूनमध्ये पेरणीच्या धावपळीत हे ॲप मोबाईलमध्ये घेतलं. आता फेब्रुवारी लागला, पऱ्हाटी उपटून झाली, हरभरा सोंगायला आला. आठ महिन्यांत ज्या दिवशी उघडलं नाही असे दिवस दहा-बारा असतील, तेही वेचणीच्या गर्दीतले. म्हणून दोन ओळीत ‘छान आहे’ लिहून सोडवत नाही. सगळं लिहिते.

आम्ही दारव्हा तालुक्यातले, जिल्हा यवतमाळ. पाच एकर कोरडवाहू. आमचे हे वायरमन आहेत, मे महिन्यात कतारमधल्या दोह्याला कामावर गेले. जाण्याआधी जो करार हातात आला त्याची डावी बाजू इंग्रजी आणि उजवी अरबी. ज्याने कागद आणून दिला त्याने ‘अठराशे रियाल पगार, इथं सही करा’ एवढंच सांगितलं. सही झाली. नंतर मी बारावीच्या इंग्रजीवर एकेक ओळ लावत बसले तेव्हा कळलं की त्या अठराशेत मूळ पगार १०००, जेवणाचे ३०० आणि राहण्याचे ५०० धरलेले. कतारमध्ये मार्च २०२१ पासून कायद्यानंच हे आकडे कमीत कमी ठरवून दिलेत, आणि कंपनीनं खोली दिली तर ते ५०० हातात पडत नाहीत. कागद खोटा नव्हता, आम्हाला वाचता येत नव्हता. त्याच आठवड्यात मी हे ॲप घेतलं.

ॲपची रीत साधी आहे. रोज पाच अरबी शब्द. प्रत्येकाचा उच्चार ऐकू येतो, हळू ऐकायचीही सोय आहे. खाली इंग्रजी अर्थ आणि मग तो शब्द रोजच्या बोलण्यात कसा येतो याची दोन-तीन वाक्यं. मराठी कुठेच नाही. एकदा धडे उतरवून घेतले की नेट लागत नाही, ही आमच्यासाठी मोठी गोष्ट. आमच्याकडे टॉवर गावात एक आणि लाईन गेली की तोही जातो. शेतात बांधावर बसून मी धडे ऐकलेत.

पहिल्या आठवड्यातच ‘रातिब’ शब्द आला. अर्थ दिला होता पगार. करारात ‘रातिब असासी’ म्हणजे मूळ पगार, तोच हा. पण ॲपमध्ये खाली अजून एक ओळ होती, की ठरलेलं, नेमानं मिळणारं ते रातिब. मी थांबलेच. आमच्या घरून तीन घरी दुधाचा रतीब जातो. रोज ठरलेलं दूध, ठरलेल्या वेळी. यांचा दोह्यातला पगार आणि माझ्या चरवीतलं दूध एकाच शब्दाचं निघालं. तो शब्द मला पाठ करावा लागला नाही. त्या दिवसापासून मी वहीत तिसरा रकाना पाडला: अरबी, इंग्रजी आणि आपल्या घरातला शब्द.

वही भरायला लागली ती आमच्या चुलत सासऱ्यांमुळे. मामाजी तलाठ्याकडे तीस वर्षं कोतवाल होते. सातबारा, फेरफार, दवंडी, सगळं त्यांच्या तोंडी. एका संध्याकाळी ओसरीवर बसले असताना मोबाईलमधून ‘कर्द’ असा आवाज आला आणि मी इंग्रजी अर्थ मराठीत सांगितला, कर्ज. मामाजी म्हणाले, “हे तं आपलंच हाय व पोरी, नुसतं जीभ जड करून म्हणते तो.” मग पुढचे दोन तास आमचे त्यातच गेले. अरबीत एक अक्षर आहे, ‘दाद’. जीभ जाड करून काढलेला ‘द’. हे अक्षर त्यांचं इतकं खास की अरब लोक आपल्या भाषेला ‘दादची भाषा’ म्हणतात. फारशी बोलणाऱ्यांना तो आवाज जमला नाही, त्यांनी त्याचा झ केला, आणि दफ्तरातून आपल्याकडे येताना त्याचा ज झाला. वऱ्हाडात १४९० पासून अचलपूरला इमादशाही होती, नंतर मोगल, निजाम आणि १८५३ ला इंग्रज आले. राजे बदलले तरी कागदावरचे शब्द राहून गेले.

तर त्या रात्री वहीत उतरलेलं असं. कर्द म्हणजे कर्ज. हादिर म्हणजे हजर, आणि तिकडे मुकादमानं काम सांगितलं की ‘हादिर’ म्हणायचं, आमची मुलगी सोनू शाळेत हजेरीला म्हणते तसंच. रादी म्हणजे राजी. कादी म्हणजे काजी. कब्दा म्हणजे मूठ, त्याचा आपला कब्जा. मौदिअ म्हणजे जागा, ठिकाण, तोच आपला ‘मौजा’, जो जमिनीच्या कागदांवर गावाच्या नावाआधी असतो. रमदान म्हणजे रमजान. आणि दिलअ. त्याचा अर्थ ॲपनं बरगडी दिला. बरगडी आणि बाजू, त्यावरून मुलुखाची एक बाजू, आपला जिल्हा. मामाजींनी मग ‘जमा’ आणि ‘जाहीर’ विचारले, पण ते या ओळीतले नाहीत. ‘जमा’तला ज मुळातच ज आहे, आणि जाहीरचं अक्षर वेगळं आहे. हे तपासता आलं कारण ॲपमध्ये शब्दावर बोट दाबून धरलं की त्याची मुळं अक्षरं दिसतात. अरबीत बहुतेक शब्द तीन अक्षरांच्या मुळावर उभे असतात. क-त-ब वरून किताब, लिहिणारा तो कातिब, लिहिलेलं ते मक्तूब. ह-स-ल वरून हासिल, तहसील आणि महसूल. तहसील म्हणजे गोळा करणं. महसूल म्हणजे आज अरबीत चक्क शेतातलं पीक, आणि आपल्याकडे त्या पिकावर सरकार घेतं तो पैसा. ही मुळं दाखवायची सोय ज्यानं कुणी घातली त्याचे मी मनापासून आभार मानते.

ओळखीचा शब्द भेटला की अर्थही ओळखीचाच असेल असं मात्र नाही, आणि इथं रोजच्या वापराची वाक्यं कामी आली. यांचा पहिल्या आठवड्यातला प्रसंग सांगते. कॅम्पच्या फाटकावर पहारेकरी ‘रकम, रकम’ म्हणत होता. यांना वाटलं पैसे मागतो, म्हणून पाकीट काढलं. तो हातानं नाही-नाही करत होता. त्याला खोलीचा नंबर पाहिजे होता. अरबीत रकम म्हणजे आकडा, नंबर. आपली रक्कम त्या आकड्यातूनच पैशावर आली. तसंच ‘वुसूल’. दोह्याच्या विमानतळावरचा फोटो यांनी पाठवला होता, त्यात पाटीवर हा शब्द, अर्थ ‘आगमन’. आमच्या घरी वसूल म्हटलं की बँकेचा माणूस डोळ्यांपुढे येतो. पोहोचणं हा त्याचा मूळ अर्थ; पैसा पोहोचला म्हणजे वसूल झाला. ‘खलास’ मात्र जसाच्या तसा. काम संपलं, जेवण झालं, बोलणं आटोपलं, सगळ्याला तिकडे खलास.

आता तक्रारी, आणि त्या किरकोळ नाहीत.

सगळ्यात मोठी म्हणजे उच्चार इंग्रजी अक्षरांत लिहिलेत, आणि तेही अर्धवट. अरबीत एक अक्षर आहे, ‘ऐन’, घशातून येतं. ॲप ते लिहीतच नाही. त्यामुळे ‘अर्द’ म्हणजे जमीन आणि ऐनवाला ‘अर्द’ म्हणजे पुढं मांडणं, सादर करणं, हे दोन्ही शब्द पडद्यावर हुबेहूब सारखे. आपला अर्ज दुसऱ्यातून आला. मी तीन आठवडे तो जमिनीतून आला असं धरून चालले होते आणि सोनूलाही तसंच सांगितलं. खरं कळलं ते यांनी बाजारातल्या दुकानाचा फोटो पाठवला तेव्हा. लाल पाटीवर ‘अर्द खास’. म्हणजे खास सवलत. माल गिऱ्हाइकापुढे मांडला तो अर्द, आणि आपण तहसीलदारापुढे मांडतो तो अर्ज. तसंच ‘कल्ब’ची दोन रूपं आहेत, एकाचा क घशातला आणि अर्थ काळीज, दुसऱ्याचा साधा आणि अर्थ कुत्रा. हे शब्द नुसते वाचून शिकणाऱ्याची फजिती कुठं होईल ते सांगता येत नाही. देवनागरीत लिहून अक्षराखाली नुक्ते, म्हणजे टिंबं, दिले असते तरी काम झालं असतं. कान लावून ऐकल्याशिवाय या ॲपमधला एकही शब्द पक्का समजू नये.

दुसरं, आकडे. पगाराची पहिली चिठ्ठी यांनी फोटो काढून पाठवली. एक उभी रेघ, मग दोन गोळे, मग एक टिंब. मी वाचलं शंभर. अख्खा महिना राबून शंभर रियाल! रात्रभर झोप नाही. सकाळी फोन लागला तेव्हा हे म्हणाले, अगं पंधराशे पन्नास आहेत, जादा कामाचे अडीचशे धरून. अरबीत आपल्या शून्यासारखा गोळा म्हणजे पाच, आणि शून्य म्हणजे नुसतं टिंब. गंमत अशी की अरब लोक या आकड्यांना ‘हिंदी आकडे’ म्हणतात, कारण मांडणी इथूनच गेलेली. ॲपमध्ये आकड्यांचं पान आहे, पण शेवटच्या भागात, जिथं मी पाच महिन्यांनी पोहोचले. ते पहिल्या दिवशी पाहिजे. बाहेरगावी गेलेल्या माणसाच्या घरी सगळ्यात आधी आकडेच येतात.

तिसरं, एका शब्दाला बहुतेक ठिकाणी एकच इंग्रजी अर्थ. ‘फस्ल’ला ॲपनं ऋतू, हंगाम दिलं. आपली फसल तीच, म्हणून मला आनंद झाला. पण करारात तो शब्द होता तिथं हंगामाचा काही संबंध लागेना. इंग्रजी बाजूशी ताडून पाहिलं तर कामावरून काढून टाकणं. तोडून वेगळं करणं हा मूळ अर्थ. त्यातून वर्षाचा तुकडा म्हणजे ऋतू, पुस्तकाचा तुकडा म्हणजे प्रकरण आणि नोकरीतून तोडणं तेही फस्ल. इतका महत्त्वाचा अर्थ गाळायला नको होता. मी कळवलं, उत्तर आलेलं नाही.

चौथं, ही पुस्तकी अरबी आहे. ‘मला पाहिजे’ला ॲप ‘उरीद’ शिकवतं, तिकडे लोक ‘अब्गा’ म्हणतात. ‘आत्ता’ला ‘अल-आन’ शिकवतं, तिकडे ‘अल-हीन’. यांनी कामावर पाठ केलेली वाक्यं म्हटली तर लोकांना कळली, पण त्यांचं उत्तर यांना कळेना. उलट ‘सीदा’ हा शब्द तिकडे सरळ जा या अर्थानं चालतो, तो आपल्याकडचाच सीधा, आणि चपला-बुटाला ‘जूती’ म्हणतात. कतारमध्ये १९६६ पर्यंत रुपया चालायचा, तेव्हा शब्द तिकडे जाणारच. हे ॲपमध्ये कुठेच नाही. करार, पाट्या, चिठ्ठ्या वाचायला ॲप पुरतं, खोलीतल्या माणसाशी बोलायला पुरत नाही.

बायकांसाठी एक सांगते. ‘कृपया’ला पुरुषाशी बोलताना ‘मिन फद्लक’ आणि बाईशी बोलताना ‘मिन फद्लिक’. ॲपमध्ये आवाज सगळे पुरुषांचे आणि वाक्यंही पुरुषाला उद्देशून. बाईनं बाईशी कसं बोलावं हे चाळिसाव्या धड्यात एकदा येऊन जातं. नर्स म्हणून, घरकामाला म्हणून किती मुली तिकडे जातात, त्यांचा विचार व्हायला पाहिजे होता.

आता इंग्रजीचं. ॲप मी अरबीसाठी घेतलं, पण सोनूचं इंग्रजी त्यानं सुधारलं. ती सातवीत आहे. ‘कुत्न’ शब्द आला, अर्थ कॉटन. तिनं दोनदा ऐकला आणि म्हणाली, “आई, इंग्रजांनी हाच उचलला.” तिचं बरोबर होतं. कॉटन हा शब्द अरबीतल्या कुत्नवरून युरोपात गेला. आपला कापूस संस्कृत कर्पासातून. आमच्या अंगणात त्या वेळी कापसाची गंजी होती. मग तिनं शोधायचा सपाटाच लावला. दारातल्या चिंचेला इंग्रजीत टॅमरिंड म्हणतात ते अरबी ‘तम्र हिंदी’, म्हणजे हिंदुस्थानची खजूर. ऑरेंज हा आपल्या नारंगापासून फारशी, अरबी करत इंग्रजीत पोहोचला, आणि अरबांनी आज संत्र्याला नाव ठेवलंय ‘बुर्तुकाल’, पोर्तुगालवरून. वरूड-मोर्शीच्या माणसानं तिकडे बाजारात नारिंग मागितलं तर त्याला कडू जातीचं दाखवतील. झिरो म्हणजे ‘सिफ्र’, रिकामं, आपल्या शून्याचंच केलेलं भाषांतर. स्पेलिंग पाठ करताना रडणारी पोरगी आता शब्द कुठून आला ते आधी विचारते.

जाहिराती आहेत, प्रत्येक धड्यानंतर एक. पैसे भरले की जातात म्हणे, मी भरले नाहीत. साध्या मोबाईलवर कधीकधी अडकतं, बंद करून उघडलं की चालतं. पाचपैकी साडेतीन तारे देते. मराठीतून अर्थ दिले आणि ऐन-दाद नीट लिहिले तर पाच देईन.

परवा मामाजींनी एक शब्द टाकला. “तगाई पाह्य बरं त्याच्यात.” दुष्काळात सरकार शेतकऱ्याला उसने पैसे द्यायचं ती तगाई. मी म्हटलं, मामाजी, हा जुना सरकारी शब्द, यात नसेल. मुळावरून शोधलं, क-व-य, बळ देणं, आणि खाली मिसर म्हणजे इजिप्त देशातल्या वापराचा म्हणून एक शब्द निघाला, ‘तकावी’. अर्थ दिला होता, पेरायचं बियाणं. मामाजींनी मोबाईल हातात घेतला, वाचता येत नव्हतं तरी पाहत राहिले. म्हणाले, “बरोबर हाय. बहात्तरच्या साली बुढ्यानं तगाई काढली, अन् त्या पैशाची ज्वारीच आणली होती पेराले.”