दादरचं रविवारचं केमिस्ट्री शिबिर, मुलाला पाठवलं त्याचा अनुभव

मुलगा दहावीला आहे, सेमी इंग्लिश. विज्ञान भाग 1 चा तिसरा धडा, रासायनिक अभिक्रिया व समीकरणे, यावरून जूनपासून आमच्या घरात रोज रात्री कटकट चालू होती. पाठ करून जायचा, पेपरात एक आकडा इकडचा तिकडे झाला की मार्क गेले. कोचिंग क्लासमध्ये विचारलं तर म्हणाले पन्नास समीकरणं दहा-दहा वेळा लिहायला लावा. लिहिली, पण काही उपयोग झाला नाही. मग शेजारच्या ताईंनी दादरच्या या शिबिराचं सांगितलं. एका जुन्या मराठी शाळेच्या वर्गात एक रिटायर्ड बाई तीन रविवार घेतात, दहा ते एक, फी तीन रविवारांची मिळून 900 रुपये. आम्ही भांडुपवरून जायचो, एका रविवारी मेगाब्लॉक होता तेव्हा अर्धा तास उशीर झाला पण बाईंनी आत घेतलं, काही बोलल्या नाहीत.

पहिल्या रविवारी तीन तासांत एकही चिन्ह लिहायला लावलं नाही, हे मुलाने घरी येऊन सांगितलं तेव्हा मला वाटलं पैसे गेले. नुसतं बघायचं आणि मराठीत वाक्य लिहायचं. मोरचुदाच्या, म्हणजे कॉपर सल्फेटच्या, निळ्या पाण्यात लोखंडी खिळा सोडला, अर्ध्या तासाने खिळ्यावर तांबूस थर, पाण्याचा निळा रंग फिका. वाक्य काय, तर लोखंड आणि कॉपर सल्फेट यांच्यापासून आयर्न सल्फेट आणि तांबं तयार झालं. मॅग्नेशियमची फीत आधी पॉलिश पेपरने घासली, कारण वरचा ऑक्साइडचा थर निघाला नाही तर नीट पेटत नाही, मग चिमट्यात धरून पेटवली, आणि बाईंनी आधीच बजावलं होतं की ज्योतीकडे सरळ बघायचं नाही. खाली पांढरी राख उरली. अभिक्रियाकारक डावीकडे, उत्पादित उजवीकडे, हे मुलाच्या डोक्यात त्या दिवशी बसलं कारण आधी काय होतं आणि नंतर काय झालं हे त्याने डोळ्याने बघितलं होतं.

आता दुसरा रविवार, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले. बाईंनी प्रत्येक मुलाला कागदी द्रोण आणि रंगीत मणी दिले. एक मणी म्हणजे एक अणू, एक द्रोण म्हणजे एक रेणू. नियम एकच, द्रोणात काय भरायचं ते पदार्थ ठरवतो, तुम्ही नाही. अख्खा द्रोण आणखी आणा, हवे तेवढे आणा, पण भरलेल्या द्रोणात मणी टाकायचा नाही आणि काढायचा नाही. दोन्ही बाजूंचे मणी रंगाप्रमाणे सारखे झाले की समीकरण संतुलित. बस एवढंच.

माझा मुलगा काय करायचा, हायड्रोजन अधिक ऑक्सिजन बरोबर पाणी यात ऑक्सिजन जुळत नाही म्हणून पाण्याच्या ओ खाली छोटा 2 लिहून मोकळा व्हायचा. दोन्ही बाजू जुळल्या, मग मार्क का कापले म्हणून चिडायचा. बाईंनी त्याला तोच द्रोण दाखवला आणि म्हणाल्या, बाळा हे पाणी राहिलं नाही, हे हायड्रोजन पेरॉक्साइड झालं, जखम धुवायला वापरतात ते. खालचा आकडा बदलला की पदार्थच बदलतो, सूत्राच्या आधी लिहिलेला मोठा आकडा बदलला की फक्त किती आहे ते बदलतं. मग त्याने स्वतः पाण्याचे दोन द्रोण मांडले, हायड्रोजनचे दोन, ऑक्सिजनचा एक. हीच गोष्ट मी त्याला शंभरदा तोंडी सांगितली होती.

त्याच दिवशी वजनाचा प्रयोग पण झाला. बाटलीत व्हिनेगर, फुग्यात खाण्याचा सोडा, फुगा बाटलीच्या तोंडाला घट्ट लावून सगळं काट्यावर ठेवलं, मग सोडा आत पाडला. काहीच बाहेर गेलं नाही म्हणजे वजन तेवढंच राहायला हवं. पण काट्यावर एक ग्रॅमच्या थोडं वर कमी दिसलं. एका मुलीने लगेच विचारलं. दुसरं कोणी असतं तर काटा खराब आहे म्हणून पुढे गेलं असतं. बाईंनी अर्धा तास दिला त्याला. फुगा फुगला म्हणजे त्याने साधारण लिटरभर हवा बाजूला सारली, लिटरभर हवेचं वजन 1.2 ग्रॅमच्या आसपास, तेवढी हवा फुग्याला वर ढकलते म्हणून काटा कमी दाखवतो. आतलं वस्तुमान तेवढंच आहे. लगेच दुसरा प्रयोग केला ज्यात वायू होत नाही, बंद बाटलीत कॅल्शियम क्लोराइड आणि धुण्याच्या सोड्याचं द्रावण, पांढरा अवक्षेप, म्हणजे न विरघळणारा साका, आला आणि काटा हलला नाही. लव्हाझिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1789 च्या पुस्तकात हेच मांडलं, अभिक्रियेत वस्तुमान नवीन तयार होत नाही आणि नाहीसंही होत नाही, आणि आपण समीकरण संतुलित करतो ते याच्याचसाठी, असं त्या म्हणाल्या. मला स्वतःला शाळेत हे कोणी सांगितलं नव्हतं, आम्ही नियम म्हणून करायचो.

चिन्हं लोखंडाला एफई, तांब्याला सीयू का, तर फेरम आणि क्युप्रम ही लॅटिन नावं, आणि अशी अक्षरं वापरायची पद्धत बर्झेलियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने आणली, हे पण सांगितलं. पाठांतर जरा सोपं झालं त्याने.

घरी दिलेला अभ्यास मला फार आवडला. आमच्याकडे पाईपचा गॅस आहे, तो मुख्यतः मिथेन. मिथेनच्या एका द्रोणाला ऑक्सिजनचे दोन द्रोण लागतात, मिळतो कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याचे दोन. थंड कोरडं स्टीलचं पातेलं ज्योतीवर क्षणभर धरलं तर बुडाला दव धरतं, ते हेच पाणी. मुलाने मला हाक मारून दाखवलं. मग सिलिंडरवाल्या आजीकडे गेला, तिथल्या गॅसमधल्या ब्युटेनचं समीकरण मांडायला बसला, दोन ब्युटेनला तेरा ऑक्सिजन, आठ कार्बन डायऑक्साइड, दहा पाणी. मणी संपले तर तूर आणि राजमा घेतला.

आता ज्या गोष्टी खटकल्या त्या. पंचवीस मुलं आणि डोळ्यांचे गॉगल जेमतेम बारा, हे चालणार नाही, जस्त आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचा प्रयोग होता तेव्हा तरी सगळ्यांना हवेच होते. वर्गात एक्झॉस्ट फॅन नाही, खिडक्या उघड्या होत्या पण आम्लाचा वास बराच वेळ होता. झेरॉक्स दिल्या त्या फक्त इंग्लिशमध्ये, पूर्ण मराठी माध्यमाची पाच-सहा मुलं होती ती शेजारच्याला विचारत होती. आणि तिसरा रविवार घाईचा झाला, संयोग, अपघटन, विस्थापन, दुहेरी विस्थापन हे चारही प्रकार छान झाले पण ऑक्सिडीकरण आणि क्षपण शेवटच्या वीस मिनिटांत उरकलं. बाईंना मी सांगितलं, त्यांनी वहीत लिहून घेतलं, चौथा रविवार वाढवायचा विचार आहे म्हणाल्या.

नववीच्या मुलांना पण चालेल, उलट आधी केलं तर बरंच. जुना सुती शर्ट घालून पाठवा, मोरचुदाचा डाग लवकर जात नाही. पुढची बॅच दिवाळीच्या सुट्टीत आहे, शाळेच्या फाटकावर कागद लावतात आणि नाव तिथेच शिपाईकाकांकडे द्यायचं. गॉगल मात्र स्वतःचा घेऊन जा.