हिरव्या रेघेचा भुर्दंड

फोनच्या स्क्रीनवर उभी हिरवी रेघ आली असेल आणि तो घेऊन सर्व्हिस सेंटरला निघाला असाल, तर आत शिरण्याआधी फोनचा चारही कडांनी, मागून-पुढून व्हिडिओ काढा. माझ्या भाच्याने मला तो हट्टाने काढायला लावला होता, म्हणून आज निदान भांडायला काहीतरी हातात आहे.

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगात आहे. आमच्या सांगलीच्या घरात कितीतरी वर्षं तिचेच फोन. माझा, ह्यांचा, सासूबाईंचा. भाच्याला बारावीनंतर घेऊन दिला तोही तोच. ऑफिसात कुणी "कुठला घेऊ?" म्हटलं की मी कमिशन मिळत असल्यासारखी त्या कंपनीची बाजू मांडायची. तोवर त्या फोनांनी खरंच त्रास दिला नव्हता.

मग एका रात्री अपडेट आलं. फोन चांगलाच तापला, बंद होऊन चालू झाला आणि उजव्या बाजूला वरपासून खालपर्यंत रेघ. पडला नव्हता, पाणी लागलं नव्हतं. वॉरंटी मात्र संपलेली.

ॲमोलेड स्क्रीनमध्ये प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो. त्यांच्या उभ्या रांगांना सिग्नल मिळतो तो कडेच्या बारीक जोडांतून, आणि तिथे कुठे बिघडलं की अख्खी रांग पेटलेलीच राहते. अपडेटनंतर अशा रेघा आल्याच्या तक्रारी आपल्याकडे इतक्या झाल्या, की एकाहून अधिक कंपन्यांनी ठरावीक मॉडेलांची स्क्रीन वॉरंटी संपल्यावरही फुकट बदलून दिली. माझ्या कंपनीची तशी योजना होती आणि माझं मॉडेल यादीत होतं. त्यामुळे मी निर्धास्त गेले.

काउंटरवरची मुलगी अदबीने बोलली. "होऊन जाईल मॅडम, फक्त चेक करून देतो." फोन आत गेला. बराच वेळाने बाहेर आला तो टेक्निशियन.

"मॅडम, फ्रेमला डेंट आहे. योजनेत बसत नाही."

डाव्या कोपऱ्यात तांदळाच्या दाण्याएवढा पोचा होता. सकाळच्या व्हिडिओत तो कोपरा स्वच्छ दिसतो. उघडताना हत्यार लागलं की आणखी काही, देव जाणे. मी व्हिडिओ दाखवला तर म्हणाले, व्हिडिओ आम्ही ग्राह्य धरत नाही. जॉबशीटवर 'कस्टमर इंड्यूस्ड डॅमेज' असं छापून आलं, म्हणजे नुकसान ग्राहकानेच केलंय. स्क्रीनचे साडेतेरा हजार. "सही करा, म्हणजे फोन परत देता येईल." मी सहीखाली मराठीत 'हे मला मान्य नाही' असं लिहिलं आणि त्या कागदाचा तिथेच फोटो काढला. त्या मुलीचा चेहरा पडला. तिचा बिचारीचा काही दोष नव्हता.

कंपनीच्या हेल्पलाइनवर घरातल्या सगळ्या फोनांचा पाढा वाचला. पलीकडून उत्तर आलं, "आमच्याशी जोडलेल्या राहिल्याबद्दल धन्यवाद," आणि जुन्या ग्राहकांसाठी खास म्हणून नव्या फोनवर तीन हजारांचं कूपन. खरा संताप तिथे आला. दुकानात विचारलं, तर तीच सूट बँकेच्या कार्डावर कुणालाही मिळत होती! वर कूपन आणि कार्डाची सूट एकत्र चालत नाही म्हणे. म्हणजे इतक्या वर्षांच्या निष्ठेचा भाव शून्य रुपये.

मोठं नाव आहे म्हणून कंपनी सगळं उघड सांगेल, या भ्रमात राहू नका. बॅटरी जुनी झालेल्या आयफोनांचा वेग अपडेटमधून कमी केला जातो, हे ॲपलने २०१७च्या डिसेंबरात मान्य केलं, तेही बोभाटा झाल्यावर. ग्राहकांना हे नीट सांगितलं नाही म्हणून २०२० मध्ये फ्रान्समध्ये अडीच कोटी युरोंचा दंड झाला. तिथे ग्राहक संघटनेने तक्रार केली म्हणून झाला.

आपल्याकडेही दार आहे. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तिथली नोंद कंपनीकडे जाते आणि बऱ्याचदा तेवढ्यावर काम होतं. माझं झालं नाही. मग जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस कुठेही असो. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही, आणि 'ई-जागृती' पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. मुदत मात्र दोन वर्षांची. हेल्पलाइनवाले "वरिष्ठांना कळवलंय" म्हणत राहतात, त्यांच्या भरवशावर ती घालवू नका.

जॉबशीटवर तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या: 'अमुक तारखेच्या अपडेटनंतर रेघ आली, फोन पडलेला नाही'. नुसतं 'डिस्प्ले प्रॉब्लेम' लिहू देऊ नका. फोन देताना बाहेरून काही नुकसान नाही, हेही त्यावर आलं पाहिजे. अपडेटची तारीख सेटिंगमध्ये दिसत असेल तर तिचा स्क्रीनशॉट ठेवा. बिल सापडत नसेल तर दुकानदाराकडून प्रत मागा. जीएसटीचं बिल असेल तर त्याच्याकडे नोंद असते.

माझ्या तक्रारीची नोटीस कंपनीला गेली आहे, त्यांच्या वकिलाने उत्तराला मुदत मागून घेतली आहे. तोवर कुणी कितीही स्वस्तात म्हणालं तरी बाहेरच्या दुकानात स्क्रीन बदलायची नाही, असं मी ठरवलंय. फोन एकदा बाहेर उघडला की सगळं खापर त्या दुकानदारावर फोडायला कंपनी मोकळी.